टाकलेलं कोण उचलतं?

मागच्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासवर्गात मी म्हणालो, पुढचा विषय कचरा घेऊ. घरातला कचरा कमी कसा करायचा, वेगळा कसा ठेवायचा, यावर बोलू. पोरं हसली. एक मित्र तर तावातावानं उठून उभाच राहिला. म्हणाला, "आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या लोकांची घाण उपसली. बाबासाहेबांनी हाताला धरून त्यातनं बाहेर काढलं. आणि तू आम्हाला परत कचऱ्यातच नेऊन बसवतोस? हा विषय बंगल्यातल्या बायकांचा. त्यांना वेळ आहे."

त्याचा राग खोटा नाही. ज्याच्या आज्याच्या खांद्यावर मेलेलं ढोर होतं त्यानं कचऱ्याचं नाव ऐकून चिडायचं नाही तर कुणी चिडायचं? मी तेव्हा गप्प बसलो. त्या रात्री माझी तिसरी पाळी होती. मशिनीपुढं उभ्या उभ्या त्याला काय सांगायचं ते जुळवत राहिलो. हा लेख म्हणजे ते सांगणं. मी कॉलेजात गेलेलो नाही. जे मिळालं ते वाचलं, आणि जे डोळ्यानं बघितलं ते त्याच्या शेजारी ठेवलं, एवढंच.

सुरुवात माझ्या कामापासून करतो. मी सूतगिरणीत आहे. आमच्याकडं कचऱ्याला वेस्ट म्हणतात, आणि वेस्टचं वजन होतं. रिंगवर धागा तुटला की सुटलेला कापूस नळीतनं ओढला जातो, पेटीत जमतो, आणि परत ब्लोरूमला जाऊन नव्या कापसात मिसळतो. कोंबरवर आखूड तंतू बाजूला पडतो त्याला नॉइल म्हणतात. त्याचं ओपन एंडच्या मशिनीवर जाडं सूत निघतं. पीळ बसलेलं, गुंता झालेलं सूत मशिनी पुसायला विकलं जातं. हे सगळं वेगवेगळ्या पोत्यात भरतात. एकाच पोत्यात कोंबलं तर त्याचा भाव जातो. सुपरवायझर ओरडतो ते स्वच्छतेसाठी नव्हे, भाव जातो म्हणून.

म्हणजे कचरा ही काही जन्मजात वस्तू नव्हे. वेगळं ठेवलं तर माल, एकत्र केलं तर कचरा. हे गिरणीचा मालक जाणतो. पण घरात, गावात, शहरात हे कुणी ठरवलं की एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं? ते जाणायला मागं जावं लागतं.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ-श्वपचांसाठी नियम दिलेत. त्यांनी गावाबाहेर राहावं. मेलेल्याची वस्त्रं नेसावीत. फुटक्या भांड्यात जेवावं. दागिने घालायचे तर लोखंडाचे. त्याच अध्यायात पुढं सेवा करणाऱ्या शूद्रालाही काय द्यावं ते सांगितलंय : उष्टं अन्न, जीर्ण कपडे, धान्याचा कोंडा, जुनंपानं सामान. आजकालची माणसं म्हणतात, वस्तू फेकू नका, पुन्हा वापरा. मनूनं ते केव्हाच सांगितलं होतं, फक्त कुणी पुन्हा वापरायचं ते जातीनं ठरवलं. वरच्यानं नवं वापरायचं, खालच्यानं त्याचं टाकलेलं. असं करत करत वस्तू शेवटी गावकुसाबाहेर येऊन पडायची. आमचं पोट आणि आमची पाठ, ही या देशाची पहिली कचरापेटी.

पण त्याच चिंधीची दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या पोरांना सांगितली जात नाही. बुद्धाच्या संघात भिक्खू पांसुकूल चीवर घालत. पांसुकूल म्हणजे धुळीतलं, उकिरड्यावरचं, मसणातलं टाकलेलं कापड. ते उचलायचं, धुवायचं, तुकडे जोडून शिवायचं, रंगवायचं. हे कुणा एका जातीवर लादलेलं नव्हतं. शाक्य कुळातला राजपुत्र संघात आला तरी त्यानंही तुकडे जोडलेलंच चीवर घालायचं, आणि न्हाव्याचा उपाली आला तरी त्यानंही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात कोसंबीच्या उदेन राजाची गोष्ट आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला वाटलं, हा भिक्खू काय कापडाचं दुकान काढणार आहे काय? त्यानं आनंदाला विचारलं, एवढ्या वस्त्रांचं करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरलीत त्यांना वाटू. मग जुनी चीवरं? त्यांच्या अंथरुणावरच्या चादरी करू. जुन्या चादरी? गादीच्या खोळी. जुन्या खोळी? जमिनीवरची बसकरं. जुनी बसकरं? पायपुसणी. जुनी पायपुसणी? धूळ झटकायची फडकी. आणि जुनी फडकी? ती कुटून चिखलात कालवू आणि जमीन सारवू. राजा गप्प झाला. खूश होऊन त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. मनूकडं चिंधी वरून खाली येते, माणसा-माणसातलं अंतर मोजत येते. बुद्धाकडं चिंधी एकाच हातात राहते. ज्यानं नेसली तोच तिचा शेवट बघतो. आपण वापरलेल्याची जबाबदारी आपली. म्हणून त्या संघात सुनीत येऊ शकला. देवळातली-घरातली वाळकी फुलं आणि केर उचलणारा सुनीत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना त्याला जागा दिली ती उगाच नव्हे. तेव्हा अभ्यासवर्गातल्या माझ्या मित्राला पहिलं उत्तर हे : कचऱ्याचा विषय बंगल्यातला नाही. तो आपल्या धम्माच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे.

गावगाड्यात मात्र मनूचंच चाललं. बैल मेला की महारानं ओढायचा. कातडं ढोरानं कमवायचं. चांभारानं त्याची मोट शिवायची, वहाणा शिवायच्या. मांगानं दोर वळायचे, केरसुणी बांधायची. मोटेचं पाणी पाटलाच्या उसाला चालायचं, पाटलाच्या तोंडालाही चालायचं. ज्या हातांनी मोट झाली ते हात मात्र पाणवठ्याला चालत नव्हते. मढ्यावरचं कापड हा महाराचा हक्क. येसकराच्या पाळीला दारोदारची शिळी भाकर हा हक्क. मेल्या जनावराचं मांस हाही हक्कच. बघा, काय काय हक्क दिले होते आम्हाला! गावात काही वाया जात नव्हतं असं जुनी माणसं कौतुकानं सांगतात. खरं आहे. वाया जात होती ती फक्त माणसं.

ही साखळी महाडला तुटली. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेलं ढोर ओढू नका, मेल्या मांसाला तोंड लावू नका, शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा, शेती करा, शिका. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. त्याच वेळी बायांपुढं बोलताना त्यांनी लुगडं कसं नेसायचं, अंगावर काय घालायचं, घर कसं नेटकं ठेवायचं इथपर्यंत सांगितलं. तेव्हा लोकांना वाटलं असेल, एवढा मोठा बॅरिस्टर आणि लुगड्याच्या काठावर बोलतो? पण गुलामी तिथंच शिवलेली होती, कपड्यात आणि ताटात. १९२८ साली त्यांनी कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. वतनं कायद्यानं गेली ती पार १९५८ च्या कायद्यानंतर. तीस वर्षं लागली.

गाव सुटलं, माणसं शहरात आली. गिरणीत आली तर तिथंही भेद. विणाईच्या खात्यात धोट्याचा तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून आमच्या माणसाला तिथं घेत नसत. कमी पगाराच्या रिंग खात्यात ठेवत. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. ज्यांना गिरणी मिळाली नाही ते म्युनिसिपालिटीच्या झाडूवर गेले. तिथं मात्र जात आड आली नाही, तिथं जात बघूनच घेत होते.

मुंबईच्या म्युनिसिपालिटीत मैला उचलणाऱ्याला हलालखोर म्हणत. घरमालकांकडनं हलालखोर नावाचा करही घेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. शेठ पळाले, बाबू पळाले, गिरणीतले कामगार गावी निघाले. साहेब लोकांना धास्ती मात्र एकाच गोष्टीची होती : झाडूवाले आणि हलालखोर पळाले तर शहराचं काय? त्यांनी जाऊ नये म्हणून काय काय करावं लागलं. तेव्हा पहिल्यांदा शहराला कळलं की ते कुणाच्या खांद्यावर उभं आहे. प्लेग ओसरला आणि शहर ते विसरलं.

मग कचरा शहराबाहेर न्यायचं ठरलं. चेंबूर-देवनारच्या दलदलीत तो पडू लागला. हार्बर लाइनीनं चेंबूरला जाणाऱ्यांनी ऐकून ठेवा, कुर्ला ते चेंबूर हा रूळ १९०६ साली टाकला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांच्या गाड्या त्यावरनं १९२४ ला सुरू झाल्या. आधी कचरा गेला, मागनं माणसं. देवनारच्या डोंगराच्या कडेला शिवाजीनगर, बैंगणवाडी उभी राहिली. शहरातनं उठवलेली माणसं शहरातनं उठवलेल्या कचऱ्याशेजारी. जानेवारी २०१६ मध्ये तो डोंगर पेटला. कित्येक दिवस धुमसला. धूर शहरभर गेला तेव्हा पेपरात बातमी आली. पण त्या वस्त्यांतली पोरं तो धूर त्याआधी वर्षानुवर्षं गिळत होती, ती बातमी नव्हती.

कचरा उचलणाऱ्यांनी मुकाट्यानं सोसलं असं नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबई म्युनिसिपल कामगार संघ काढला. झाडूवाल्यांना युनियन दिली. बाबासाहेबांना फक्त घटनेच्या पुस्तकासकट बघणाऱ्यांनी हेही बघावं. पुढं कायम नोकऱ्या आटल्या आणि ठेकेदार आले. तेच काम, तीच गाडी, पण ना रजा, ना हातमोजे, ना हजेरीपटावर नाव. मुंबईतल्या कचरा वाहतूक श्रमिक संघानं १९९७ पासून ही लढाई धरली. २०१७ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि २,७०० ठेका कामगार कायम ठरले. वीस वर्षं. तोवर किती जण कामावरच संपले.

आणि मग बाया. १९७२ च्या दुष्काळानं गावं रिकामी झाली. मराठवाड्यातनं, सोलापूर-नगरकडनं माणसं पुण्या-मुंबईला आली. जमीन नाही, हुन्नर नाही, अक्षर नाही. बौद्ध, मातंग बाया पोतं घेऊन कचराकुंडीवर गेल्या. कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला घालू लागल्या. पोलीस चोर म्हणायचे, शेठ काटा मारायचा, कुत्री मागं लागायची. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढाव आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठातल्या कार्यकर्त्या त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. या बायांनी मागितलं काय? दया नाही, जुनं लुगडं नाही. त्या म्हणाल्या, आम्ही काम करतो, आम्हाला कामगार म्हणा. म्युनिसिपालिटीचा शिक्का असलेलं ओळखपत्र द्या. आणि कचरा आम्हाला वेगळा करून द्या. २००८ साली त्यांनी स्वतःची 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था काढली आणि दारोदार जाऊन कचरा घेण्याचं काम पालिकेबरोबर करार करून घेतलं. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनं कचरा वेचणाऱ्या बायांचं असंच संघटन बांधलं.

इथं थांबा जरा. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, ही मागणी पर्यावरणवाल्यांनी शोधून काढलेली नाही. ती उकिरड्यावर वाकलेल्या आपल्या आया-बहिणींनी मांडलेली कामगारांची मागणी आहे. गिरणीत पंखा मागावा, दवाखाना मागावा तशी. २००० साली कचऱ्याचे नियम आले, २०१६ साली नवे आले. त्यात घराघरात कचरा वेगळा करणं बंधनकारक झालं, कचरा वेचणाऱ्यांचं नावही पहिल्यांदा मानानं घेतलं गेलं. पण नियम कागदावर असतो. पिशवी आपल्या हातात असते.

माझी आत्या पुण्यात या कामात आहे. दोन वर्षांमागं एका सोसायटीत पिशवी सोडताना तिच्या तळहातात काच घुसली. सात टाके पडले. बारा दिवस काम बंद. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "आरं, वर वरणभात व्हता. खाली फुटल्याला गिलास. दिसतंय कुठं?" मी विचारलं, कुणाचं घर? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दारावर बाबासाहेबांचा फोटू हाय त्यांच्या. जय भीम घालत्यात रोज."

मित्रांनो, हा लेख मी त्या वाक्यासाठी लिहितोय.

महाडनंतर आपण ते काम टाकलं. बरोबर केलं. पण काम गेलं नाही, ते दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं. मातंगाच्या, मेघवाळाच्या, वाल्मीकीच्या, कुठं गरीब मुसलमानाच्या, कुठं आपल्याच मागं राहिलेल्या भावकीच्या. आपण शिकलो, नोकरीला लागलो, फ्लॅट घेतला, आणि सकाळी दाराबाहेर जी पिशवी ठेवतो तिच्यात उष्टं, ब्लेड, औषधाची सुई, लेकराचं डायपर, बायकोचं पॅड, चहाचा चोथा, सगळं एकत्र. ते कुणीतरी हातानं निवडेल हे आपल्याला ठाऊक असतं. असं करणारा माणूस रोज सकाळी मनूचा दहावा अध्याय अमलात आणतो, मग भिंतीवर फोटो कुणाचाही असो.

करायचं काय? फार काही नाही. माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत होतं, तुमच्याही होईल. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा एका डब्यात. जागा असेल तर फुटका माठ घ्या, तळाला भोक पाडा, एक थर ओल्याचा, एक थर वाळक्या पाल्याचा नाहीतर मातीचा. अधनंमधनं हलवा. दोन-तीन महिन्यांत खत होतं, वासही येत नाही. आमच्या चाळीत त्यावर तुळस नाही, मिरची लावलीय. कागद, पुठ्ठा, पत्रा, प्लास्टिक दुसऱ्या पिशवीत, कोरडं. दुधाची पिशवी विसळून वाळवा. आत्या सांगते, कोरडा कागद आणि धुतलेली पिशवी दिली की त्याचा भाव येतो, बरबटलेली दिली की ती डंपिंगलाच जाते. पिशवी विसळायला एक तांब्या पाणी लागत नाही. तुमच्या त्या पाण्यानं कुणाच्या तरी घरी संध्याकाळी डाळ शिजते. पॅड, डायपर कागदात गुंडाळा, वर लाल खूण करा. काच, ब्लेड, सुई जाड पुठ्ठ्यात किंवा डब्यात घालून वर लिहा, आणि हातात देताना तोंडानंही सांगा. आणि जी बाई कचरा घ्यायला येते तिचं नाव विचारा. "कचरेवाली आली" म्हणून घरात ओरडू नका.

कचरा वेगळा करण्याआधी तो होऊच न देणं बरं. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्या. आमच्या आज्ज्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायच्या. गरिबीमुळं शिवायच्या, त्याचं मी गाणं करणार नाही. पण त्या शिवणीतलं शहाणपण आनंदानं उदेन राजाला सांगितलं तेच होतं. ते लाजून टाकून द्यायचं कारण नाही. गाडगेबाबा चिंध्यांचीच गोधडी पांघरून, फुटकं गाडगं घेऊन फिरले, आणि ज्या गावात गेले तिथं आधी झाडू हातात घेतला, मग कीर्तन. स्वतः झाडले, दुसऱ्याला झाडायला लावलं नाही. फरक तेवढाच आहे, पण तोच सगळा आहे.

आणि सार्वजनिक कामाचं. १४ एप्रिलला आपण जेवण घालतो. रात्री मैदानात थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे ग्लास घोट्याएवढे साचतात. २०१८ साली महाराष्ट्रात त्यावर बंदी आली, तरी साचतात. सकाळी ते कोण झाडतं? बाबासाहेबांच्या जयंतीला एखाद्या दलित बाईनं पहाटे चार वाजता वाकून आपलं उष्टं उचलायचं, ही कसली जयंती? स्टीलची ताटं भाड्यानं मिळतात. ज्यानं जेवलं त्यानं धुवायची. फ्लेक्सवर पुढाऱ्याचा चेहरा छापून तो आठवड्यात फाडायचा, त्यापेक्षा कापडी फलक करा, पुढच्या वर्षी तारीख बदला. चैत्यभूमीला हार-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन आणा असं आपल्याच पोरांनी सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं. म्हणजे आपली माणसं ऐकतात. सांगणारा पाहिजे.

एवढं केल्यानं जात मोडेल असं मी म्हणत नाही. मोठमोठ्या कंपन्या रोज जे प्लास्टिक ओततात त्यांना जाब विचारायचाच आहे. ठेका पद्धत मोडायची आहे. गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा असून माणसं मरतात, त्यासाठी रस्त्यावर यायचंच आहे. पण मोर्चात घोषणा देणाऱ्याच्या घरची पिशवी जर आत्याचा हात कापत असेल, तर ती घोषणा मला ऐकू येत नाही.

अभ्यासवर्गातल्या मित्रा, तू म्हणालास, बाबासाहेबांनी आपल्याला कचऱ्यातनं बाहेर काढलं. खरं आहे. आता आपण कुणाला त्यात ढकलतो, तेवढं बघ. पुढच्या रविवारी अभ्यासवर्गाला आत्या येणार आहे. पहिलं भाषण तिचं. आपण खाली बसून ऐकायचं.

आणि हा अंक वाचून झाला की रद्दीत घालू नका. दुसऱ्याला द्या. त्यानं तिसऱ्याला द्यावा. अगदीच फाटला, की मग कोरडा ठेवा आणि दारावर येणाऱ्या ताईच्या हातात द्या.

जय भीम.